पिठाचा कोंबडा आणि रविवारचे रामायण



मागच्या आठवड्यात स्वाध्याय आटोपल्यावर आम्ही साऱ्या जणी मंदिराच्या ओट्यावर बसलो होतो. चाळिशीतल्या सुना आपल्या लहानपणच्या टीव्हीच्या आठवणी काढत होत्या. कोणाला 'मालगुडी डेज' आठवत होते, कोणाला 'रामायण', कोणाला 'महाभारत'. एकीने मला विचारले, "काकू, तुमच्या लहानपणी काय लागायचं हो टीव्हीवर?" मी म्हटले, "बाई गं, माझ्या लहानपणी टीव्हीच नव्हता!" सगळ्या हसल्या. पण घरी आल्यावर तो विषय काही डोक्यातून जाईना. टीव्ही माझ्या लहानपणाचा नसला तरी माझ्या मुलांच्या लहानपणाचा होता. त्यातून त्यांना काय मिळाले आणि मला काय मिळाले, हे एकदा लिहूनच काढावे असे वाटले.

माझा जन्म १९५९ चा. आमच्या घरी रेडिओ होता आणि तो वडिलांच्या ताब्यात असायचा. मुंबईत दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. पुण्याची मावसबहीण सुटीत आली की 'चिमणराव'च्या गोष्टी सांगायची, दिलीप प्रभावळकर कसे बोलतात त्याची नक्कल करून दाखवायची. आम्ही आ वासून ऐकायचो. मुंबईचा तो कार्यक्रम वऱ्हाडात कुठून दिसणार? १९७९ साली मी अकोल्याहून बी.कॉम. झाले (तेव्हा अकोल्याची कॉलेजे नागपूर विद्यापीठाखाली होती), पुढच्या वर्षी लग्न होऊन कारंज्याला आले. तोपर्यंत घरात टीव्ही असतो तरी कसा, हे मी पाहिलेले नव्हते.

मग एकदम सगळे बदलले. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आले. १९८४ पासून देशभर लहान लहान ट्रान्समीटर उभे राहू लागले. आमच्या घरी १९८५ साली टीव्ही आला. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी पेटीतला, पुढे सरकते शटर. गच्चीवर अँटेना. वारा सुटला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग मुलाचे वडील वर चढायचे, मामंजी खालून ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" आमचा जिल्हा तेव्हा अकोला. वाशिम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. आणि दिसायचे ते बहुतेक सारे दिल्लीचे, म्हणजे हिंदी. मराठीची स्वतंत्र उपग्रह वाहिनी यायला १९९४ साल उजाडले. म्हणून आमच्या भागातल्या मुलांचे टीव्हीचे बालपण हिंदीत गेले.

एक गंमत सांगते. संध्याकाळच्या टीव्हीच्या बाबतीत आपल्या घरच्या बायका नशीबवान होत्या. शेजारणींच्या चुली रात्री आठ-साडेआठपर्यंत पेटलेल्या असायच्या. आपली जेवणे सूर्यास्ताआधी झालेली, भांडी घासलेली, ओटा पुसलेला. त्यामुळे 'हम लोग' लागायची तेव्हा आमच्या बैठकीत पहिल्या रांगेत सासूबाई आणि मी. अनथमीचा असाही लाभ असेल हे मुनिमहाराजांनी काही सांगितले नव्हते!

'हम लोग' ७ जुलै १९८४ ला सुरू झाली आणि १७ डिसेंबर १९८५ ला संपली. १५६ भाग. आम्हाला शेवटचे काही महिनेच मिळाले. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ती एका साध्या कुटुंबाची कथा होती. मेक्सिकोत मालिकांमधून कुटुंबनियोजनासारखे विषय लोकांपर्यंत नेत, तसेच इथे करावे असा सरकारचा हेतू होता. हे मला पुष्कळ वर्षांनी वाचून कळले. तेव्हा एवढेच कळायचे की बडकीचे लग्न जमत नाही आणि बाप दारू पितो. भाग संपला की अशोककुमार येऊन चार शब्द सांगायचे. सासूबाई त्यांना तोंडावर उत्तर द्यायच्या. "तुमचं बरोबर आहे, पण पोरीच्या बापाले कोण सांगंन?" मला हसू यायचे. आता वाटते, टीव्ही पाहावा तो तसाच. त्यांनी त्याला कधी शेवटचा शब्द बोलू दिला नाही.

१९८५ चीच 'रजनी'. बासू चॅटर्जींची मालिका, प्रिया तेंडुलकर त्यात रजनी झाली होती. गॅसचा सिलिंडर, टॅक्सी, सरकारी कचेरी, जिथे अडवणूक तिथे ही बाई पदर खोचून उभी. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना तर तिचा इतका राग आला की त्यांनी निषेध केला होता. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ च्या डिसेंबरात झाला. त्याच्या आधीच आम्हा बायकांना ग्राहक म्हणजे काय ते रजनीने सांगून टाकले होते. मी कॉमर्सची पदवीधर, आणि पाच वर्षे घरात एक आकडा लिहिला नव्हता. महिन्याचा किराणा उधारीच्या वहीवर यायचा, मामंजी पैसे देऊन टाकायचे. रजनी पाहून मी स्वतःची वही घातली. दोन महिन्यांत लक्षात आले की दुकानदाराच्या वहीत साखर आणि तेल आमच्या डब्यांपेक्षा जास्त भरत होते. मामंजींना आवडले नाही. "जुना माणूस आहे तो," म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "अचौर्य अणुव्रत आपल्याले आहे, तसं दुसऱ्याले चोरू देनं बी बरं नाही." तेव्हापासून आजपर्यंत घरचा हिशेब माझ्याकडे आहे.

पण मला सांगायचे आहे ते 'रामायणा'बद्दल.

२५ जानेवारी १९८७ ला रामानंद सागरांचे रामायण सुरू झाले. रविवारी सकाळी साडेनऊला. ३१ जुलै १९८८ पर्यंत ७८ भाग चालले. आमच्या मंदिरातली मुलांची पाठशाळा रविवारीच असायची. पहिल्या महिन्यातच मुले गळाली. मग पाठशाळा एक तास अलीकडे आणली, तेव्हा कुठे पुन्हा भरू लागली. साडेनऊला आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नसे. गल्लीतली वीस-पंचवीस माणसे. कोणी हार घेऊन यायचे, कोणी टीव्हीपुढे उदबत्ती लावायचे. सासूबाई कोणाला अडवत नसत. फक्त उदबत्ती दाराबाहेर लावायला सांगत, "पडदा जळंन."

माझा मुलगा तेव्हा सहा-सात वर्षांचा. युद्धाचे भाग सुरू झाले आणि गल्लीतल्या साऱ्या पोरांच्या हातात धनुष्यबाण आले. बांबूची कमची, सुतळीची दोरी आणि तुराटीचे बाण. सगळ्यांत लहान पोराने रावण व्हायचे, असा त्यांचा नियम. एका दुपारी माझ्या मुलाचा बाण शेजारच्या पाच वर्षांच्या पोराच्या भुवईखाली लागला. डोळा थोडक्यात वाचला. दोन टाके पडले.

संध्याकाळी त्या मुलाची आई आली. भांडायला नाही, विचारायला आली होती. "तुमचा होता का हो खेळात?" आणि मी, रोज णमोकार म्हणणारी, पर्युषणात उपास करणारी, म्हणाले, "नाही बाई, आमचा तर घरात झोपला होता." ती मुकाट्याने निघून गेली. सासूबाई आत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकले. त्या काहीच बोलल्या नाहीत.

रात्री त्यांनी नातवाला जवळ घेतले. तो आधीच रडकुंडीला आला होता. "आजी, मी खरंच मारत नव्हतो. खोटं खोटं मारत होतो."

"खोटं खोटं तर यशोधरानंही मारलं होतं," त्या म्हणाल्या, आणि गोष्ट सांगू लागल्या.

तुम्हाला ती माहीत आहेच. राजा यशोधराला वाईट स्वप्न पडले. आई चंद्रमती म्हणाली, देवीला बळी दे. राजाला हिंसा नको होती आणि आईचे मनही मोडायचे नव्हते. मग मधला मार्ग काढला, पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. रक्ताचा थेंब सांडला नाही. पण मारण्याचा भाव मनात आला होता. त्या एका भावापायी मायलेक मोर, कुत्रा अशा किती तरी योनींतून फिरत राहिले. दहाव्या शतकात पुष्पदंत कवीने ही कथा अपभ्रंशात 'जसहरचरिउ' म्हणून लिहिली. १९३१ साली डॉ. प. ल. वैद्यांनी संपादित केलेला तो ग्रंथ आपल्या कारंज्याच्याच ग्रंथमालेत निघाला. आपल्या गावच्या भांडारांतल्या पोथ्यांमुळेच डॉ. हिरालाल जैनांसारख्या विद्वानांनी अपभ्रंश साहित्य जगापुढे आणले. सासूबाईंना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी ती कथा आपल्या आईच्या तोंडून ऐकलेली होती.

गोष्ट संपली तेव्हा मुलगा झोपला होता. सासूबाईंनी दिवा मालवला आणि अंधारात म्हणाल्या, "पोराचा बाण तरी तुराटीचा होता." बस, एवढेच.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या रविवारी एक नवीनच प्रकार सुरू झाला. भाग संपला, शटर ओढले, की सासूबाई पद्मपुराण काढायच्या. रविषेणाचार्यांचे सातव्या शतकातले संस्कृत पद्मपुराण, त्याची पं. दौलतरामांनी केलेली हिंदी वचनिका. पोरे विचारायची, "आजी, रावणाला खरंच दहा तोंडं होती का?" त्या सांगायच्या, "तोंड एकच. गळ्यातल्या हारात नऊ रत्नं होती, त्याईत तोंडाचं प्रतिबिंब दिसे." हनुमान वानर नव्हे, ध्वजावर वानर असलेल्या वंशाचा विद्याधर. रावण राक्षस नव्हे, मोठा विद्वान राजा, पण एका वासनेपायी गेला. त्याला मारले लक्ष्मणाने, आणि तेही रावणाने फेकलेले चक्र त्याच्याच हाती आले म्हणून. रामाने दीक्षा घेतली आणि आपल्या महाराष्ट्रातल्या मांगीतुंगीवरून मोक्षाला गेला. सीता आर्यिका झाली. ज्याने मारले तो लक्ष्मण नरकात गेला. आणि रावणही एक दिवस तीर्थंकर होणार.

हे ऐकून पोरे गप्प व्हायची. मग रावण व्हायला कोणी नाही म्हणेना! एकाने विचारले, "पण टीव्हीत तर वेगळं आहे?" सासूबाई म्हणाल्या, "तेही ऐकावं, हेही ऐकावं. भांडू नये." अनेकांत मी नंतर पुस्तकात वाचला. घरात तो असा ऐकलेला होता. भुवईखाली टाक्यांची खूण असलेला तो शेजारचा मुलगाही या पोरांत बसायचा. त्याच्याकडे पाहिले की माझी नजर खाली जायची.

त्या वर्षी दशलक्षण संपले, क्षमावाणीचा दिवस आला. मंदिरात मी शंभर जणींना "उत्तम क्षमा" म्हटले. त्यांच्यातल्या एकीचेही मी काही बिघडवले नव्हते. मग पाय ओढत शेजारी गेले. ती जैन नाही, तिला क्षमावाणी माहीत नव्हती. मी सांगून टाकले की बाण माझ्याच मुलाचा होता आणि मी खोटे बोलले. ती म्हणाली, "पोरानं मले त्याच दिवशी सांगितलं होतं." आणि मग कितीतरी वेळ काही बोलली नाही. पुढे काही महिने आमच्यात कामापुरतेच बोलणे राहिले. संक्रांतीला वाण घेऊन आली तेव्हा जरा हसली. क्षमा मागणे आपल्या हातात असते, मिळणे समोरच्याच्या. हे मी तेव्हा शिकले.

मैत्रिणींनो, २८ मार्च २०२० ला लॉकडाऊनमध्ये तेच रामायण पुन्हा लागले. मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात पुण्याहून येऊन कारंज्यात अडकलेली. मंदिरे बंद होती, ६ एप्रिलची महावीर जयंतीही आम्ही घरातच केली. सासूबाई जाऊन तोवर अकरा वर्षे झाली होती. रावणवधाचा भाग पाहून नातीने विचारले, "आजी, दहा तोंडांनी तो झोपायचा कसा?"

मी पद्मपुराण काढायला उठले. आत सासूबाईंनी ठेवलेले मोरपीस अजून होते. परत आले तर मुलगा तिला पिठाच्या कोंबड्याची गोष्ट सांगत होता. स्वतःच्या बाणाचेही सगळे सांगितले. आणि शेवटी म्हणाला, "आणि तुझी आजी त्या काकूंना खोटं बोलली होती. मग माफी मागायला गेली. मी खिडकीतून पाहत होतो."

बत्तीस वर्षे मला वाटत होते की त्याला त्यातले काहीच माहीत नाही.

आपण म्हणतो, त्या काळच्या मालिका चांगल्या होत्या, त्यांनी संस्कार केले. मालिका चांगल्या होत्याच. पण त्यातला एकही भाग माझ्या मुलाने मला सांगितला नाही. त्याच्या लक्षात राहिले ते शटर ओढल्यानंतरचे. आजीने सांगितलेले, आणि खिडकीतून दिसलेले. आता प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आहे, त्याला शटर नाही. तरी दिवसातून एकदा, जेवणे आटोपल्यावर, नातवंडाला जवळ घेऊन विचारा, "आज काय पाहिलंस? मला सांग." आणि मग तुमच्याकडची गोष्ट त्याला सांगा. तुमच्या चुकीची असली तरी सांगा.

जय जिनेंद्र.