९ जानेवारी : इगोर नेत्तो यांचा जन्म

सोव्हिएत फुटबॉल संघाचे कर्णधार इगोर नेत्तो यांचा जन्म १९३० साली आजच्या दिवशी मॉस्कोत झाला. १९४९ ते १९६६ अशी सारी कारकीर्द या मिडफिल्डरने स्पार्ताक मॉस्को या एकाच क्लबकडून खेळून गाजवली आणि पाच वेळा लीगचे विजेतेपद मिळवले. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामन्यात त्यांनी हरवलेल्या युगोस्लाव्हियानेच उपांत्य फेरीत भारताला ४-१ असे नमवले होते. १९६०चा पहिला युरोपीय करंडकही नेत्तो यांच्याच नेतृत्वाखाली आला.

पण या माणसाची खरी उंची दिसली ती १९६२च्या विश्वचषकात, चिलीतल्या अरिका शहरात. उरुग्वेविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना नेत्तो यांचे सहकारी चिस्लेंको यांनी मारलेला चेंडू बाजूच्या जाळीतल्या भोकातून आत शिरला. पंचांनी गोल दिला. नेत्तो थेट पंचांकडे गेले आणि चेंडू बाहेरून आत गेल्याचे त्यांनी खुणेने दाखवले. गोल रद्द झाला! साखळीतला निर्णायक सामना, विजय हातातोंडाशी आलेला; अशा वेळी हे करायला फार मोठे मन लागते. अखेरच्या क्षणी इवानोव्ह यांनी गोल केला आणि सोव्हिएत संघ २-१ असा जिंकला.

३० मार्च १९९९ रोजी नेत्तो यांचे निधन झाले.