ट्रेकसाठी सॅक नेमकी किती लिटरची घ्यावी?

सॅक घ्यायला दुकानात जा किंवा ऑनलाइन शोधा, पहिला आकडा दिसतो तो लिटरचा. २०, ३०, ४५, ६०. आणि आपल्यापैकी बरेच जण एकच हिशोब करतात: किमतीत फार फरक नाही, मग मोठीच घेऊ, कधीतरी हिमालयात गेलो तर उपयोगी पडेल. मग ती ६० लिटरची सॅक वर्षभर सह्याद्रीतच फिरते, अर्धी रिकामी किंवा नको त्या सामानाने भरलेली. रिकामी जागा दिसली की जादाची जीन्स, चादर, चिवड्याचा मोठा डबा असं काहीतरी आत जातंच.

लिटर हे जागेचं माप आहे, वजनाचं नाही. ३५ लिटरच्या सॅकमध्ये ६ किलो सामानही मावतं आणि १५ किलोही.

सह्याद्रीत खरा प्रश्न जागेचा नसून वजनाचा असतो, आणि त्यातला मोठा वाटा पाण्याचा. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. उन्हाळ्याच्या तोंडावर गडावरच्या टाक्यांचा भरवसा नसतो, त्यामुळे ३-४ लिटर पाणी पाठीवर घेऊनच निघावं लागतं. त्याने सॅकमधली जागा थोडीच व्यापते, खांदे मात्र पहिल्या तासातच बोलू लागतात. हिमालयात उलट असतं. तिथे जाड जॅकेट, थंडीची स्लीपिंग बॅग, लोकरीचे कपडे लागतात. वजनाला त्या मानाने हलके, पण जागा खाणारे. म्हणून तिकडे ५०-६० लिटर लागतात आणि इकडे लागत नाहीत.

मग किती घ्यायची?

सकाळी जाऊन संध्याकाळी परत, म्हणजे कळसूबाई किंवा लोहगडासारख्या ट्रेकला २० ते २५ लिटर भरपूर. पाणी, डबा, रेनकोट, एक जादाचा टी-शर्ट, टॉर्च, प्रथमोपचाराचं सामान एवढं त्यात आरामात बसतं. एका रात्रीचा मुक्काम असेल, उदाहरणार्थ राजगड ते तोरणा, तर ३५ ते ४५ लिटर. हरिश्चंद्रगडावर पिठलं-भाकरी मिळते, तिथे स्टोव्ह आणि शिधा न्यायचा नसेल तर ३५ लिटरमध्येही भागतं. तंबू स्वतः वाहणार असाल तरच ५० च्या पुढे जा. हिमालयातल्या ट्रेकला आयोजक तंबू आणि जेवण देणार असतील तर आधी त्यांची सामानाची यादी मागवा. सॅक त्यानंतर घ्या.

अंदाज नको असेल तर घरीच मोजता येतं. न्यायचं सगळं सामान एका खोक्यात नीट रचा. जिथपर्यंत सामान आलं तिथपर्यंतची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि १००० ने भागा. ४० × ३० × ३० म्हणजे ३६,००० घनसेंटिमीटर, म्हणजेच ३६ लिटर. सॅक खोक्यासारखी चौकोनी नसते, म्हणून वर ४-५ लिटर धरा. एक लक्षात ठेवा, काही कंपन्या बाहेरच्या कप्प्यांची जागाही लिटरमध्ये मोजतात, काही मोजत नाहीत. त्यामुळे दोन कंपन्यांच्या ४० लिटरच्या सॅक शेजारी ठेवल्या तर लहान-मोठ्या दिसू शकतात.

पाठीचं माप

याबद्दल फार कमी लोक विचारतात, आणि पाठदुखी बहुतेकदा इथूनच सुरू होते. मान खाली झुकवली की मानेच्या बुडाशी एक हाड टोचतं, ती वरची खूण. दोन्ही हात कमरेवर ठेवून, अंगठे मागे वळवून, कमरेच्या हाडांचा वरचा काठ शोधा. अंगठे जोडणारी रेषा ही खालची खूण. या दोन खुणांमधलं अंतर, पाठीच्या वळणाबरोबर टेप ठेवून, दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. तुमच्याच उंचीच्या मित्राचं माप वेगळं निघेल, कारण कुणाचे पाय लांब असतात तर कुणाची पाठ.

मोठ्या सॅकला रुंद कमरपट्टा असतो तो शोभेसाठी नाही. तो कमरेच्या हाडांवर घट्ट बसला तर बराचसा भार कमरेवर जातो आणि खांदे मोकळे राहतात. पट्टा पोटावर आला तर सॅक तुमच्या पाठीला लहान आहे, मांड्यांवर आला तर लांब आहे. मग लिटर कितीही बरोबर असोत.

वजनाची ढोबळ मर्यादा अशी: मुक्कामी ट्रेकला भरलेली सॅक शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जड नको. ६० किलोच्या माणसाला १२ किलो. नवखे असाल तर त्याहून कमीच बरी.

हे सगळं सांगायचं कारण फक्त दमणं नाही. राजगडाच्या चोरदरवाजाच्या वाटेवर शेवटी रेलिंग धरून कातळ चढायचा असतो आणि छोट्या दरवाजातून वाकून आत शिरायचं असतं. कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत. अशा जागी डोक्यापेक्षा उंच, पाठीपासून सुटलेली सॅक माणसाला मागे ओढते. बाहेर लटकवलेली मॅट आणि मग तर कारवीच्या झाडोऱ्यात हटकून अडकतात, आणि झटका बसतो तो नेमका अरुंद वाटेवर. जड वस्तू पाठीला चिकटवून ठेवा, बाजूचे पट्टे ओढून सॅक आवळा आणि बाहेर काहीही लोंबू देऊ नका.

पावसाळ्यात रेनकव्हरवर विसंबू नका. पाठीच्या बाजूने पाणी आत शिरतंच. सॅकमध्ये आधी एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यात कपडे भरा. शिवाय परतताना ओले कपडे कोरड्यांपेक्षा जास्त जागा घेतात, तेवढी जागा सोडून ठेवा.

सॅक घरी आली की पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आणि ५ किलोची तांदळाची पिशवी आत टाका, कमरपट्टा बांधा आणि इमारतीचा जिना चार-पाच वेळा चढून-उतरून बघा. खांद्यावर काचते का, कमरेवरून घसरते का, मान वर करताना डोक्याला लागते का, हे तेवढ्यात कळतं. तोवर टॅग मात्र काढू नका, सॅक बदलून घ्यावी लागू शकते.