काळ्या स्क्रीनचं कुळ

लिनक्सच्या लॅपटॉपवर कर्नलच्या ओळी सरसर वर जातात आणि पुढे नुसता काळोख. बंगलोरच्या यशवंतपूरला भाड्याच्या खोलीत राहून सॉफ्टवेअरची नोकरी करणाऱ्या पोरांना हा प्रसंग ठाऊक असतो. कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबलं की साधी लॉगिनची ओळ उमटते. म्हणजे यंत्र शाबूत आहे, चित्र तेवढं गेलंय. लॉगमध्ये ‘ईई’ खुणेची ओळ असते: ‘नो स्क्रीन्स फाउंड’. पुष्कळदा याचं मूळ ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ’ नावाच्या छोट्याशा फाइलीत निघतं.

तिचं घराणं एमआयटीचं. 1984 साली तिथल्या प्रोजेक्ट अथेनात बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी स्टॅनफर्डच्या ‘डब्ल्यू’ प्रणालीवरून स्क्रीनवर चित्र उमटवणारी ‘एक्स’ उभी केली. अकरावी आवृत्ती 1987ची, आणि तीच आजही चालते. तेव्हा ती महागड्या वर्कस्टेशनवर चालायची. तिथे ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर एकाच कंपनीचे, त्यामुळे जुळवाजुळव कंपनीच करून द्यायची.

1992च्या सुमारास एक्सफ्री86ने ‘एक्स’ साध्या पीसीवर आणली आणि पंचाईत झाली. कार्ड एकाचं, मॉनिटर दुसऱ्याचा, आणि मॉनिटरला स्वतःविषयी काही सांगता येत नसे. ते सांगण्याचं काम फाइलीवर, म्हणजे वापरणाऱ्यावर आलं. 1024 बाय 768चं चित्र हवं तर ‘मोडलाइन’ लिहायची: ठोक्यांची गती 65 मेगाहर्ट्‌झ, आडव्या रेषेला एकूण 1344 ठोके, वरून खाली एकूण 806 रेषा. भागाकार केला की सेकंदाला 60 चित्रं. आकडे मॉनिटरच्या कुवतीबाहेरचे पडले तर जुन्या काचेच्या मॉनिटरचं सर्किट जळण्याची भीती असे.

भारतात अनेकांची या फाइलीशी गाठ पडली ती मासिकासोबत आलेल्या सीडीमुळे. बेळगावात शिकलेल्या अतुल चिटणीसांच्या पुढाकाराने ‘पीसी क्वेस्ट’ने 1996पासून लिनक्सच्या सीडी घरोघर पोचवल्या. डायलअपवरून एवढं उतरवून घेणं परवडणारं नव्हतं. चिटणीसांनीच 2001 साली ‘लिनक्स बंगलोर’ परिषद सुरू केली. यशवंतपूरला लागून असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या टाटा सभागृहातही ती भरत असे.

मॉनिटरला वाचा मात्र 1994मध्येच फुटू लागली होती. त्या वर्षीच्या ‘ईडीआयडी’ मानकामुळे तो आपली कुवत केबलमधूनच कार्डाला कळवू लागला. 2004 साली परवान्याच्या वादातून बहुतेकांनी एक्सफ्री86 सोडून त्याचाच फाटा असलेलं एक्सऑर्ग धरलं. 2009च्या 2.6.29 कर्नलपासून इंटेलच्या कार्डांसाठी रिझोल्यूशन ठरवण्याचं काम कर्नलच करू लागला, मग इतर कार्डांसाठीही. फाइल लिहिण्याची गरजच बहुतेक ठिकाणी उरली नाही.

तरी ती सापडते. एनव्हिडियाचं साधन ती लिहून ठेवतं, किंवा एखाद्या जुन्या उपायातून ती मागे राहते. कर्नल बदलला, ड्रायव्हर जुळला नाही, लॅपटॉपात दोन ग्राफिक्स चिप असल्या, तरी फाइल जुनंच सांगत बसते. आणि ‘एक्स’चा सर्व्हर हार्डवेअरला विचारण्याआधी तिचं ऐकतो.

म्हणून दुरुस्तीची दिशाच उलटली आहे. पूर्वी काळी स्क्रीन दिसली की फाइलीत भर घालावी लागे. आता आधी तिचं नाव बदलून ती बाजूला ठेवायची आणि रीबूट करायचं. तरीही चित्र आलं नाही तर मगच ड्रायव्हरकडे वळायचं.