फिरती बँक



आपल्याकडं तीन भाषा एकाच कट्ट्यावर बसतात, पण पत्त्यांच्या बाबतीत तिघींचं एकमत आहे. मराठीत 'पान', कन्नडमध्ये 'एले', दख्खनीत 'पत्ता'. तिन्हींचा अर्थ झाडाचं पान! रमी, तीन पत्ती, अंदर-बाहर हे खेळ सगळ्यांना ठाऊक आहेत. आज लिहितोय ते 'एकवीस'बद्दल. आता जग त्याला ब्लॅकजॅक म्हणतं. खेळ जुना आहे, स्पेनच्या सर्व्हांतेसच्या 1613 साली छापलेल्या एका कथेतसुद्धा एकवीस खेळणारी पोरं आहेत. आमच्यापर्यंत तो सोलापूरहून आला. 1970 च्या सुमारास मी तिथं बी.कॉम. करत होतो. वसतिगृहात शिकलो आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी घेऊन आलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राजा, राणी, गुलाम यांचे दहा-दहा, एक्का एक किंवा अकरा, बाकी पानं आपापल्या आकड्याची. एकजण बँक धरतो आणि प्रत्येकाला दोन-दोन पानं वाटतो. एकविसाच्या जवळ जायचं, पण ओलांडलं की फुटलं. बँकवाल्याचं एक पान उघडं असतं, त्यावरून आपण अजून पान मागायचं की थांबायचं ते ठरवायचं. सोळावर पान मागितलं तर 13 प्रकारच्या पानांपैकी 8 तुम्हाला फोडतात. बारावर मागितलं तर फक्त 4. एवढा हिशेब आमच्या गावातल्या शाळा न शिकलेल्या म्हाताऱ्यांनाही दोन संध्याकाळीत जमला. वसतिगृहात बी.कॉम.वाल्यांना आठवडा लागला होता.

आमच्यात पैज चिंचोक्यांची. मोठी माणसं बसली तर पाच पैशाची. आणि मुख्य म्हणजे बँक फिरायची! पहिल्या दोन पानांतच ज्याला एक्का आणि दहाचं पान लागेल, त्याच्याकडं पुढच्या डावापासून बँक जायची. मग रात्रभर ती या हातातून त्या हातात. सकाळी हिशेब केला की कुणाचे वीस चिंचोके वर, कुणाचे पंधरा खाली. कुणी बुडालं असं कधी झालं नाही.

याचं कारण मला पुढं बँकेत लागल्यावर कळलं. तेव्हा आमच्याकडं हँडल फिरवायची फॅसिटची गणकयंत्रं होती. अमेरिकेत रॉजर बाल्डविन आणि त्याच्या तीन सोबत्यांनी, लष्करात असताना, टेबलावरच्या गणकयंत्रांवर या खेळाचं सगळं गणित मांडलं आणि ते 1956 मध्ये संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापून आलं. बघा, ज्या वर्षी 1 नोव्हेंबरला आपला गुलबर्गा जिल्हा हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्याच वर्षी. पुढं 1962 मध्ये एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकानं पुस्तक लिहून दाखवलं की, निघून गेलेली पानं लक्षात ठेवली तर उरलेल्या गड्डीचा रंग कळतो.

त्या गणिताचा गाभा साधा आहे. बँकवाल्याला सतराला थांबावंच लागतं आणि या नियमानं तो शंभरात साधारण 28 वेळा फुटतो. आपणही डोळे झाकून त्याचाच नियम पाळला तर आपणही तेवढेच फुटणार. म्हणजे शंभरात 8 डाव असे, की दोघंही फुटायचे. पण आपण आधी पान मागतो, आधी फुटतो, आपली पैज तेव्हाच उचलली जाते. ते 8 डाव बँकेचे. पहिल्या दोन पानांत एकवीस लागलं तर दीडपट मिळतं, त्यातून सव्वादोनच्या आसपास परत येतात. उरले शंभरामागं साडेपाच. हे बँकेचं व्याज म्हणा.

कौशल्य आहे ते इथं. बँकवाल्याचं उघडं पान चार, पाच, सहा असेल तर तो अडचणीत आहे, बारावरसुद्धा थांबा. सात किंवा वरचं असेल तर सतरा होईपर्यंत मागा. दोन एक्के, दोन अठ्ठे आले तर वेगळे करा, दोन दश्शे कधीही मोडू नका. बँकवाल्याचा एक्का दिसला की 'इन्शुरन्स' घ्या म्हणतात, तो घेऊ नका. तिथं निम्म्या पैजेवर दुप्पट मिळतं, म्हणजे दहाचं पान तिनात एकदा तरी यायला हवं, आणि ते तेवढ्या वेळा येत नाही. एवढं सगळं न चुकता पाळलं, नियम चांगले असले, तर साडेपाचाचं व्याज शंभरामागं अर्ध्या रुपयापर्यंत उतरतं. दीडपटीच्या जागी पाचाला सहा देणारं टेबल असेल तर ते पुन्हा दोनाच्या घरात जातं.

आमच्या फिरत्या बँकेत ते व्याज सगळ्यांच्या घरी पाळीपाळीनं जायचं. गोव्यात मांडवीतल्या जहाजांवर बँक फिरत नाही. तिथं 1976 च्या जुगार कायद्यात 1992 ला पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि 1996 ला जहाजांवरच्या टेबलांना वाट करून दिली. लोकांनी हौसेनं जावं, माझं काही म्हणणं नाही.

आता कायद्याचं. निजामाच्या अमदानीत 1305 फसलीत, म्हणजे 1895-96 च्या सुमारास, हैदराबादचा जुगार कायदा झाला. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट होती. 1963 साली सिकंदराबादच्या एका क्लबवर रमी चालू असताना धाड पडली. खटला सुप्रीम कोर्टात गेला, तो याच जुन्या कायद्याखाली. नोव्हेंबर 1967 मध्ये न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. तीन पत्ती हा निव्वळ नशिबाचा खेळ. रमीत मात्र पडलेली पानं ध्यानात ठेवावी लागतात, काय धरायचं काय टाकायचं ते ठरवावं लागतं, म्हणून ती मुख्यतः कौशल्याची. त्याच निकालात पुढं असंही आहे, की क्लब चालवणारा पैजांतून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. हे पुढचं सगळे विसरतात.

माझ्या नात्यातला एक मुलगा लॉकडाउनमध्ये मोबाईलवर रमी खेळायला लागला. तुरीचे पैसे गेले, मग बायकोचं गंठण सोनेतारणात गेलं. मी विचारलं तर म्हणाला, "काका, हा जुगार नाही. कौशल्याचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय." पोरगा रमी खरंच चांगली खेळायचा. पण प्रत्येक डावातून कंपनी आपला वाटा आधी काढून घेत होती, हे त्यानं कधी मांडून बघितलं नव्हतं. पतपेढीच्या सभेत खर्चाचा पै न पै विचारणारा माणूस तो!

त्याला उपदेश केला असता तर उठून गेला असता. म्हणून आधी एकवीस शिकवलं. दोनशे चिंचोके त्याला दिले, बँक मी धरली आणि फिरू दिली नाही. वही घातली, डावीकडं जमा, उजवीकडं नावे. पहिल्या दिवशी तो जिंकला आणि खूष झाला. वरचे नियम त्याला तोंडपाठ झाले, माझ्यापेक्षा भरभर खेळू लागला. तीन आठवडे रोज जेवण झाल्यावर बसायचो. चिंचोके हळूहळू माझ्या डब्यात आले. मग एका रात्री तोच म्हणाला, "आता बँक मी धरतो." मी दिली. पुढच्या महिन्यात चिंचोके परत गेले. त्यानंतर त्यानं वही मागून घेतली आणि मोबाईलवरच्या डावांचे बँक खात्यातले आकडे स्वतः त्यात उतरवले. तीन पानं भरली. गंठण सोडवायला दोन सुग्या लागल्या.

2021 साली कर्नाटकानं ऑनलाइन पैजा बंद करणारी दुरुस्ती केली, फेब्रुवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयानं ती रद्द केली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्नच ठेवलेला नाही.

एक गोष्ट जुन्या मंडळींना विचारायची आहे. खजुरीत दोघांचे आकडे सारखे आले तर आम्ही पैज तशीच ठेवून पुढचा डाव खेळायचो. उमरग्याकडचे पाहुणे म्हणायचे, बरोबरी बँकेची. आळंदच्या बाजूला काय रीत होती? कुणाला आठवत असेल तर खाली लिहा.