कट्सलोच्या भिंती : एका इंग्रजी उपनगरातील पंचवीस वर्षांची फाळणी

१/ डिसेंबर १९३४. ऑक्सफर्ड शहराच्या उत्तरेस नव्याने वसलेल्या कट्सलो या उपनगरात दोन रस्त्यांवर आडव्या भिंती बांधल्या गेल्या. उंची दोन मीटरहून अधिक, माथ्यावर अणकुचीदार लोखंडी सळ्या. अलीकडे राहणारे इंग्रज, पलीकडे राहणारेही इंग्रज. भाषा एक, वर्ण एक, शहर एक. मग भिंत कोणाला अडवण्यासाठी? आजचा धागा या प्रश्नाविषयी. 🧵

२/ प्रथम एक खुलासा. मुंबईकराला 'उपनगर' म्हटले की गर्दीने ओथंबलेली लोकल आणि उंच इमारती आठवतात. इंग्लंडमधील उपनगराची कल्पना जवळजवळ उलट आहे. शहराच्या दाटीतून, धुरातून सुटून मोकळ्या हवेत, स्वतंत्र दाराच्या आणि स्वतःच्या बागेच्या घरात राहणे, हे त्या उपनगराचे वचन होते.

३/ या वचनामागे पहिले महायुद्ध आहे. रणांगणावरून परतणाऱ्या सैनिकांना चांगली घरे देऊ, असे सरकारने जाहीर केले. १९१८ च्या ट्युडर वॉल्टर्स अहवालाने शहरी भागात एकरी १२ घरांहून अधिक दाटी नको, अशी शिफारस केली. १९१९ च्या अ‍ॅडिसन कायद्याने घरबांधणी ही स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरवली आणि त्यासाठी सरकारी अनुदान दिले.

४/ परिणाम प्रचंड झाला. दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ४० लाख घरे उभी राहिली. त्यांपैकी सुमारे ११ लाख स्थानिक संस्थांनी भाड्याने देण्यासाठी बांधली. लंडनच्या पूर्वेकडील बेकंट्री ही त्यांतील सर्वांत मोठी वसाहत. तेथे १९२१ ते १९३५ या काळात सुमारे २६ हजार घरे झाली.

५/ उरलेली बहुतेक घरे खासगी बिल्डरांची. १९३२ साली बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर २ टक्क्यांवर आला, गृहकर्ज स्वस्त झाले आणि सुरुवातीला भरावयाची रक्कमही घटली. कारकून, शिक्षक, विमा कंपनीतील नोकरदार असा वर्ग, ज्याचे आईवडील आयुष्यभर भाडेकरू राहिले होते, तो प्रथमच घराचा मालक होऊ लागला.

६/ हे घर कसे असे? दोन घरे एका सामाईक भिंतीने जोडलेली, म्हणजे 'सेमी-डिटॅच्ड'. दोन मजले. वर तीन शयनगृहे आणि न्हाणीघर, खाली स्वयंपाकघर आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली पुढची खोली. समोर छोटी बाग, तिला प्रिव्हेटच्या झुडपांचे कातरलेले कुंपण. मागे लांबट बाग, जिथे फुलझाडांशेजारी बटाटे आणि वालही पिकत.

७/ दिनक्रम शांत होता. पुरुष सकाळी बसने वा रेल्वेने कामावर जात. दिवसभर वस्तीत स्त्रिया, मुले आणि फेरीवाले. शेजाऱ्याशी बोलणे कुंपणावरून होई, घरात बोलावणे क्वचित. जुन्या वस्तीतली बहीण, मावशी, ओळखीचा दुकानदार, सारे मागे राहिलेले असे. १९३८ साली डॉ. स्टीफन टेलर यांनी 'द लॅन्सेट'मध्ये अशा गृहिणींच्या अस्वस्थतेला नाव दिले : 'सबर्बन न्यूरोसिस', म्हणजे उपनगरी मनोविकार. एकाकीपणा, कर्जाची चिंता आणि उद्या कसा असेल याविषयीची धास्ती, असे त्याचे स्वरूप त्यांनी रेखाटले.

८/ आता मुख्य पेच. नगरपालिकेचे भाड्याचे घर आणि खासगी बिल्डरचे घर यांत फारसा फरक नव्हता. दोन्ही दुमजली, दोन्हींना बाग, दोन्हींत नळाचे पाणी. म्हणून बिल्डर फरक दाखवण्याची साधने शोधत : पुढे आलेली गोलाकार 'बे' खिडकी, दर्शनी त्रिकोणावर ट्युडर काळाची आठवण देणाऱ्या काळ्या फळ्या, दारावर रंगीत काच. 'हे नगरपालिकेचे घर नव्हे' हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळले पाहिजे, हा त्यामागचा हेतू. कर्ज काढून वरच्या पायरीवर आलेल्या माणसाला खालची पायरी फार जवळ दिसत होती.

९/ ऑक्सफर्डमध्ये हा पेच अधिक तीव्र झाला. विद्यापीठाच्या या शहरालगत काउली येथे मॉरिस मोटार्सचा कारखाना वाढत होता. १९२६ साली त्याच्या शेजारी प्रेस्ड स्टील कंपनी आली. मंदीने ग्रासलेल्या वेल्समधून आणि इतर भागांतून कामगार येऊ लागले. शहर वेगाने पसरले. कट्सलो येथे पूर्वेला नगर परिषदेने भाड्याची घरे बांधली. पश्चिमेला, बॅनबरी रोडच्या बाजूस, अर्बन हाउसिंग कंपनीने खासगी घरे बांधली. रस्ते एकमेकांना जोडलेले होते.

१०/ नगर परिषदेच्या वसाहतीत काही कुटुंबे शहरातील पाडलेल्या गलिच्छ वस्त्यांतून आणलेली होती. एवढे निमित्त पुरले. कंपनीचे प्रमुख क्लाइव्ह सॅक्स्टन यांना भीती वाटली, की असे शेजारी असतील तर आपल्या घरांना गिऱ्हाईक मिळणार नाही. कंपनीच्या हद्दीतील रस्ते खासगी मालकीचे होते. तेव्हा तिने आपल्या हद्दीवर भिंती घातल्या.

११/ त्रास कोणाला झाला? बसगाड्या आणि दुकाने बॅनबरी रोडवर. सरळ रस्ता डोळ्यांसमोर असताना पूर्वेकडील भाडेकरूंना मोठा वळसा घालावा लागे. बाबागाडी ढकलणाऱ्या आईला, सामानाच्या पिशव्या घेऊन परतणाऱ्या म्हातारीला, पावसात कामावर निघालेल्या मजुराला तो वळसा रोजचा होता. अंतराइतकाच अपमानही रोजचा होता.

१२/ मे १९३५ मध्ये कम्युनिस्ट कार्यकर्ते एब लॅझरस यांच्या पुढाकाराने लोक भिंती पाडण्यासाठी जमले. आदल्याच वर्षी प्रेस्ड स्टीलमधील संपाचे नेतृत्व याच लॅझरस यांनी केले होते. मोठा जमाव होता, परंतु पोलिसांनी वाट अडवली. भिंती तशाच राहिल्या.

१३/ जून १९३८ मध्ये खुद्द नगर परिषदेने रोडरोलर आणून भिंती पाडल्या. येथे गोष्ट संपावयास हवी होती. पण कंपनी न्यायालयात गेली आणि निकाल नगर परिषदेच्या विरोधात लागला : तिला असा अधिकार नव्हता. भिंती पुन्हा उभ्या राहिल्या. म्हणजे सार्वजनिक संस्थेने लोकांची वाट मोकळी करणे बेकायदा ठरले, आणि ती वाट अडवणे कायदेशीर!

१४/ मग दुसरे महायुद्ध आले. या काळात सरावासाठी निघालेला एक लष्करी रणगाडा चुकून एका भिंतीतून आरपार गेला. युद्ध खात्याने नुकसानभरपाई दिली आणि भिंत पुन्हा बांधली गेली. देश एकजुटीने लढत असल्याचे सांगितले जात होते, त्याच वर्षांत.

१५/ अखेर तोडगा निघाला तो विकत घेण्याचा. नगर परिषदेने भिंतींखालील जमिनीच्या पट्ट्या १००० पौंडांना घेतल्या आणि ९ मार्च १९५९ रोजी भिंती कायमच्या पाडल्या. सुमारे पंचवीस वर्षांनी. १९३४ साली पाळण्यात असलेले मूल एव्हाना स्वतः संसारी झाले असेल. त्याचे सारे बालपण भिंतीच्या एका बाजूला गेले.

१६/ हे उदाहरण एकटे नव्हे. लंडनच्या दक्षिणेस ब्रॉम्लीच्या सीमेवर, डाउनहॅम या सार्वजनिक वसाहतीला अडवणारी भिंत १९२६ सालीच उभी राहिली होती. तिच्या माथ्यावर फुटक्या काचा बसवल्या होत्या. कट्सलोचे वैशिष्ट्य एवढेच, की तेथील लढा दीर्घकाळ चालला आणि त्याची नोंद राहिली. समाजशास्त्रज्ञ पीटर कॉलिसन यांनी १९६३ साली या भिंतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

१७/ इतिहासाचे विद्यार्थी म्हणून यातून काय घ्यावे? वर्गभेद म्हटले की आपण राजवाडा आणि झोपडी अशी टोके डोळ्यांसमोर आणतो. कट्सलोमध्ये भेद होता तो जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन घरांत. एका बाजूस कर्जाचा हप्ता, दुसऱ्या बाजूस भाड्याची पावती. भिंत बांधली ती बिल्डरने, पण तिचे मोल होते ते ग्राहकाच्या भीतीमुळे. ही भीती द्वेषापेक्षा अधिक साधी, म्हणूनच अधिक टिकाऊ होती.

१८/ आज तेथे भिंती नाहीत, २००६ साली लावलेला एक स्मृतिफलक आहे. नकाशा मात्र उघडून पाहा. पूर्वेकडून येणारा वूल्झी रोड मध्येच कार्ल्टन रोड होतो, आणि ऑल्ड्रिच रोड वेंटवर्थ रोड होतो. रस्ता सरळ आहे, नाव तेवढे बदलते. जिथे ते बदलते, तिथे भिंत होती.

१९/ आपल्या परिसरातही एखादी वाट विनाकारण वळसा घेत असेल, किंवा एकाच रस्त्याला दोन नावे असतील. तिचा इतिहास ठाऊक असल्यास खाली अवश्य लिहा. धागा येथे संपतो. 🙏