आंब्याच्या पानांचा पिवळा

जलरंगांची हौस असेल तर ‘इंडियन यलो’ची ट्यूब तुम्ही हाताळली असेलच. ट्यूबमधून काढल्यावर हा रंग तपकिरीकडे झुकलेला, जरा मळकट वाटतो. भरपूर पाणी घातले की कागदावर सोनेरी पसरतो. नवखा माणूस पॅलेटवरच्या छटेवर विसंबून तो जाड लावतो आणि सगळी झळाळी घालवून बसतो. त्याच्या नावाचा इतिहासही असाच फसवा आहे.

मुघल आणि पहाडी लघुचित्रांत हा पिवळा दिसतो. एकोणिसाव्या शतकात तो हिंदुस्थानातून लंडनला जाई तो गोळ्यांच्या रूपात: वरून मळकट, आत लख्ख पिवळा आणि उग्र वासाचा. उंटाच्या मूत्राचा की झाडाच्या रसाचा, यावर युरोपात तर्क लढवले जात.

क्यू उद्यानाचे संचालक जोसेफ हूकर यांनी 1883 मध्ये हिंदुस्थानात विचारणा केली. उत्तर दिले त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय यांनी. पुढे ‘कंकावती’ लिहिणारे बंगाली लेखक ते हेच. बिहारमधल्या मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावी ते स्वतः गेले. तिथले गवळी गाईंना आंब्याची पाने आणि पाणी एवढेच देत. त्यांचे मूत्र मातीच्या भांड्यात आटवून, कापडातून गाळून, उरलेल्या गाळाचे गोळे वळत आणि वाळवत. या रंगाला म्हणत पिउरी. आपल्याकडची पेवडी म्हणजे पिवळी माती. शब्द कानाला जवळचे, वस्तू वेगळ्या. गाई खंगलेल्या होत्या आणि इतर गवळी या लोकांना गाईंचे मारेकरी समजत, हेही त्यांनी नोंदवले. सोबत नमुने पाठवले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रंग बाजारातून गेला. सरकारने बंदी घातली, असे पुस्तकांत छापले जाऊ लागले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी लेखिका व्हिक्टोरिया फिनले यांनी शोध घेतला, तेव्हा असा कायदा सापडला नाही आणि मिर्झापुरात कोणाला काही आठवत नव्हते. मग मुखोपाध्यायांच्या साक्षीवरच शंका आली. डोळ्यांनी पाहून लिहिणारा माणूस एकटाच, त्यामुळे ‘दंतकथा’ म्हणून शिक्का बसायला वेळ लागला नाही.

त्यांनी पाठवलेला माल मात्र क्यूच्या संग्रहात जपून ठेवलेला होता. अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याची रासायनिक तपासणी केली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यात हिप्युरिक आम्ल सापडले, जे गाईगुरांसारख्या प्राण्यांच्या मूत्रात असते. त्रैलोक्यनाथांच्या वर्णनाला 130हून अधिक वर्षांनी दुजोरा मिळाला.

आजच्या ट्यूबमध्ये गाय नाही आणि आंबाही नाही. प्रत्येक कंपनी आपापली कृत्रिम रंगद्रव्ये वापरून तेच नाव छापते. म्हणून ब्रँड बदललात तर नाव वाचून थांबू नका, लेबलावरचा रंगद्रव्याचा क्रमांक पाहा. आधी रद्दी तुकड्यावर एक जाड आणि एक पातळ पट्टा ओढा, निळ्यात मिसळून हिरवा कसा होतो तेही तपासा आणि मगच चित्राला हात घाला.