जुनी सतार आणि शिकलगारांचे मिरज

आमच्या दिग्रसच्या घरात धाकट्या भाचीने सतार शिकायचा हट्ट धरला, तेव्हा पहिला प्रश्न पैशांचा निघाला. नवी घ्यावी तर हात आखडतो, जुनी घ्यावी तर मन धजत नाही. ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांकडे मिरजेची जुनी सतार होती आणि ते ती द्यायला तयार होते. पण अम्मी म्हणाल्या, "बच्ची की पहिली चीज, पुरानी कायको लेते?" त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. आपल्या घरांत थोरल्याचे कपडे आणि पुस्तके धाकट्याच्या वाट्याला येतातच. हौसेची एक वस्तू तरी कोरी असावी, असे त्यांना वाटत होते.

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही मिरजेच्या इतिहासात शिरलो. त्या गावात हा धंदा सुरू झाला तोच मुळी दुरुस्तीतून.

शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे, हत्यारे घासूनपुसून लखलखीत करणारे कारागीर. इंग्रजी अंमल पक्का होत गेला तशी हत्यारांची गरज सरली आणि या घरांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक गाण्याचे शौकीन होते. त्यांच्याकडे येणाऱ्या कलावंतांची वाद्ये बिघडत आणि ती नीट करणारा हात जवळपास नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या बंधूंनी ते काम अंगावर घेतले, असे मिरजेत सांगतात. जुनी वाद्ये उघडून जोडता जोडता ते नवी घडवू लागले. मंगळवेढा, पंढरपूर भागातले भोपळे आणि तूण जातीचे लाकूड यांतून मिरजेची सतार आणि तंबोरा आकाराला आले. पुढे कित्येक घरांचे आडनावच 'सतारमेकर' झाले.

याच मिरजेत किराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (1872-1937) येऊन राहिले. त्यांच्या गळ्याची महती सर्वांना ठाऊक आहे. पण वाद्ये दुरुस्त करण्यातही त्यांचा हात तयार होता आणि त्यासाठीची हत्यारे ते जवळ बाळगत, हे फारसे कोणी सांगत नाही. एवढ्या मोठ्या गवयाला वाद्य उघडून बसण्यात कमीपणा वाटला नाही. आपण मात्र गाणाऱ्यांची नावे पाठ करतो आणि घडवणाऱ्यांची विसरतो. त्या घडवणाऱ्यांत आपल्या समाजाचे कितीतरी लोक आहेत, हे आपल्या मुलांना कोण सांगणार?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुन्या सतारीचे लाकूड मुरलेले असते, ते आता फारसे आखडत-फुगत नाही. चांगल्या हाताने घडवलेली असेल तर तिचा आवाजही खुललेला असतो. पण दांडी वाकली असेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. भोपळ्याची बारीक चीर सांधता येते. खुंट्या निसटत असतील तर त्या नव्या बसवता येतात. तारांनी घोडीवर खाचा पाडल्या असतील, तर ती घासून पुन्हा जवारी काढावी लागते. हे काम जाणत्या कारागिराचेच. नव्या सतारीलाही ही सेवा चुकत नाही. उलट, हलक्या किमतीची नवी सतार कच्च्या लाकडाची निघाली, तर वर्षभरात सुरात राहीनाशी होते. आपलाच हात वाईट आहे असे समजून मूल शिकणे सोडते. तो तोटा रुपयांत मोजता येत नाही.

म्हणून नवी की जुनी हे ठरवण्याआधी, ती दुरुस्त कोण करणार ते विचारावे. दिग्रसपासून मिरज पाचशे किलोमीटरांहून अधिक लांब. तो जाण्यायेण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च जुन्या सतारीच्या किमतीत मिळवूनच हिशेब करावा. आम्ही तो केला. तरीही बेरीज नव्या चांगल्या सतारीपेक्षा बरीच कमी आली.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकनाने दुकानावर पाटी लागते. धंदा टिकतो तो आपण वाद्य घेऊन त्या ओट्यावर गेलो तर.

मास्तरांची सतार आम्ही घेतली. मिरजेहून ती नीट होऊन आली, तेव्हा भाचीला आधी फरीदसाहेबांचे नाव सांगितले, मग मिजराब हातात दिली. अम्मींचे मनही मोडले नाही. सतारीची खोळ त्यांनी नव्या कापडाची, स्वतःच्या हाताने शिवली.